दिवाणजींच्या उपरण्यावरचा सूर्य

"दुर्बीण सगळ्या पोरांना दाखवायची, पण एकदम! ना कुणी आधी, ना कुणी मागाहून!"

दिवाण त्र्यंबकपंतांनी राजांचा हुकूम वाचला आणि ठाकरवाडीच्या शाळेपुढे बसलेली पोरं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिली. आता घ्या! दुर्बीण एक, तिचं भोक एक, आणि पोरं साठ-सत्तर!

मास्तर चाचरत म्हणाले, "पंत, रांगेनं दाखवू या की."

"रांगेनं? म्हणजे पहिल्याला मान आणि शेवटच्याचा अपमान! रानातल्या लेकरांवर असा अन्याय? छे छे! समता म्हणजे समता! सूर्य डोंगराआड जायच्या आत सगळ्यांना एकदम दिसलं, तर दुर्बीण शाळेला बक्षीस. नाहीतर ती परत न्यायची आणि दवंडी पिटायची, की रानातल्या पोरांना विज्ञानाची आवडच नाही!"

दुर्बीण ठेवायला पंतांनी आपल्या माडीवरचं फडताळ आधीच रिकामं करून ठेवलं होतं, ही गोष्ट वेगळी.

राजे प्रतापभानू पालखीत विडा चघळत बसले होते. केवढं पुण्य पदरात पडतंय, असं त्यांना वाटत होतं. सकाळपासून भाषणं झाली, नारळ फुटला, पोरांनी हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या. दुर्बीण तेवढी पेटीबाहेर आली नव्हती.

पोरांत पुढंच पवळी बसली होती. चांद जवळून बघायचा म्हणून ती पोर किती दिवस वाट बघत होती! पण रडत बसेल तर ती पवळी कसली? ताडकन उठली.

"राजा, तुझा हुकूम मान्य! दुर्बीण दे, आन ह्या दिवाणाचं उपरणं पण दे!"

"महाराजांना अरेतुरे?" पंत किंचाळले.

"आमच्या वाडीत देवाला पण 'तू'च म्हणतात. राजा काय देवापेक्षा मोठा हाय?"

राजे खुदकन हसले. "द्या हो पंत, उपरणं!"

दुर्बीण पेटीबाहेर आली आणि पवळीनं तिचं तोंड थेट सूर्याकडे केलं. पंत लगबगीनं पुढे झाले. "आधी महाराजांनी डोळा लावावा!"

"आधी? मग तुझी समता कुठं गेली?" पवळीनं वाळकं पान भोकापाशी धरलं. पानातून धूर निघाला! "आन राजा, डोळा लावशील तर डोळा घालवशील."

राजे चार पावलं मागे सरले. दोघा पोरांनी भोकामागं उपरणं ताणून धरलं. पवळीनं त्यांना मागं-पुढं सरकवलं, आणि उपरण्यावर भाकरीएवढा गोल सूर्य उतरला!

"आरं, सूर्य! सूर्य!" सगळी पोरं एकदम ओरडली.

"पोरी, हे सुचलं कसं तुला?" राजांनी विचारलं.

"आमच्या घराचा कूड कारवीच्या काड्यांचा, त्याला भोकंच भोकं! भुईवर कवडसा पडला की सगळं घर एकदम बघतं. त्याला कुठं रांग लागते?"

राजे उपरण्याजवळ आले. "हे काळे डाग कसले? पंत, उपरणं धूत नाही वाटतं?"

"आजच धुतलंय, महाराज!"

पवळीनं उपरणं हलवलं. डाग सूर्यातच राहिले. "डाग कापडाला नाहीत, राजा. सूर्याला हायेत."

"गप्प बस!" पंत थरथरले. "महाराज सूर्यवंशी! त्यांच्या मूळपुरुषाला डाग? पोरांनो, डोळे मिटा!" आणि त्यांनी स्वतःचे गच्च मिटून घेतले.

राजांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "इतकी वर्षं दुर्बीण माझ्या वाड्यात होती. हे मला कुणीच कसं सांगितलं नाही?"

"सांगणार कोण?" पवळीनं पंतांच्या मिटलेल्या डोळ्यांकडे बोट दाखवलं. "तुझी माणसं असं बघतात! सगळ्यांनी एकदम बघायचं हा तुझा हुकूम. आम्ही पाळला. मोडला कुणी, ते बघ की!"

राजांनी वळून पंतांकडे पाहिलं आणि असे खदखदा हसले की विड्याचा ठसकाच लागला. "दुर्बीण शाळेची! आणि पवळे, तुला काय हवं?"

"रात्री चांद बघायचा तर डोळा लावावाच लागंल. तेवढा रांगेचा हुकूम दे."

"दिला! पहिली तू! आणि पंत, डोळे उघडा. शेवटचे तुम्ही!"