भोपळ्याच्या फुलातली परी

डोंगराच्या पायथ्याशी एक वाडी होती. वाडीच्या टोकाला, निवडुंगाच्या कुंपणाआड सगुणाचं घर होतं. घर कसलं, एक खोली आणि एक पडवी. घरात माणसं दोनच, आठ वर्षांची सगुणा आणि तिची आई. खायला जे काही असे ते घरामागच्या परसातून येई.

पण भाद्रपदात आईला ताप भरला. ती अंथरुणातून उठेना. सगुणा एकटीच चूल पेटवायची, नाचणीची भाकरी थापायची. भाकरी कधी वाकडी व्हायची, कधी करपायची. तरी आई म्हणायची, "गोड झालीय गं."

परसात तेरडा गुलाबी फुलला होता. कुंपणावर गोकर्णीची निळी निळी फुलं डोलत होती. भोपळ्याच्या वेलावर तर सोन्याच्या वाट्या उघडाव्यात तशी फुलं उमलत होती. पण भोपळा एकही धरत नव्हता. पंधरा दिवस पावसाची झड लागली होती, त्यात मधमाश्या कुठे गेल्या कोण जाणे. बोराएवढे भोपळे पिवळे पडायचे आणि टपकन गळायचे. थंडीत खायचं काय, याची सगुणाला काळजी लागली.

एके दिवशी सकाळी ती फुलं पाहत वेलाजवळ बसली होती. हातात न्याहारीची अर्धी भाकरी आणि थोडी घेवड्याची भाजी. एवढ्यात एका फुलातून बारीक आवाज आला.

"वास छान येतोय. मला देशील का थोडी?"

सगुणाने वाकून पाहिलं. फुलात अंगठ्याएवढी परी बसली होती! तिचा झगा गोकर्णीसारखा निळा, पंख दवासारखे लखलखते. पावसाने भिजून ती कुडकुडत होती.

"घे ना," सगुणा म्हणाली. तिने भाकरीचा मऊ मऊ तुकडा मोडला, त्यावर घेवड्याचा एक दाणा ठेवला. परीने तो सगळा संपवला आणि बोटं चाटली.

"आणखी देऊ?"

"मग तुला काय उरेल?"

"मला पुरेल की," सगुणा म्हणाली आणि तिने आणखी एक तुकडा मोडला.

परी हसली. तिच्या पंखांवरून रंगांच्या टिकल्या उडाल्या. "तुला दोन इच्छा देते. आज एक, उद्या एक. पण नियम आहेत हं. मागशील ते तुझ्या ओंजळीत मावलं पाहिजे. ज्याच्यासाठी मागशील त्या एकाचंच नाव घ्यायचं, ते दुसऱ्याच्या कामी येणार नाही. आणि मी ज्या फुलात बसेन ते मिटायच्या आत मागायचं."

सगुणाला विचार करावा लागला नाही. तिने ओंजळ पुढे केली. "माझ्या आईसाठी, ताप उतरवणारं पाणी."

ओंजळ चंदेरी पाण्याने भरली. सगुणा एक थेंबही न सांडता घरात गेली. आई ते पाणी प्यायली आणि झोपली. दुपारी तिला दरदरून घाम सुटला. संध्याकाळी ती उठून बसली आणि म्हणाली, "सगुणे, भूक लागली गं. पेज कर."

त्या दिवशी दोघी मीठ घातलेली गरम पेज प्यायल्या. सगुणाला ती पक्वान्नासारखी लागली.

दुसऱ्या दिवशी काय मागायचं ते तिने ठरवून ठेवलं होतं. ओंजळभर मधमाश्या! सकाळी ती परसात आली, तेव्हा कुंपणापलीकडे शेजारची तानूमावशी स्वतःच्या भोपळ्याच्या वेलापाशी बसलेली दिसली. तानूमावशी एकटी राहायची. आई आजारी असताना रोज ताक आणून द्यायची.

"काय झालं गं मावशी?"

"गळले बघ सगळे," मावशीने हातातले पिवळे पडलेले भोपळे दाखवले. "गुडघ्यांमुळे मला दुसरं काही पेरता येत नाही बाई. हा एक वेल होता."

सगुणा आपल्या वेलाजवळ आली. परी आज उमललेल्या फुलात वाट पाहत होती.

"मधमाश्या दोन्ही वेलांना नाही का चालणार?"

"नाही. एकच नाव."

सगुणाने आपल्या वेलाकडे पाहिलं. तिला रडू आलं. फूल हळूहळू मिटायला लागलं होतं. तिने ओंजळ धरली आणि पटकन म्हणाली, "तानूमावशीच्या वेलासाठी, मधमाश्या."

ओंजळीत गुणगुण झाली. सोनेरी मधमाश्या उठल्या आणि कुंपणापलीकडे गेल्या. मावशी आनंदाने ओरडल्याचा आवाज आला.

"आता तुझं कसं?" परीने विचारलं.

"आमची आई बरी झालीय. आम्ही दोघी मिळून काहीतरी पेरू. मेथी लवकर येते."

परी तिच्या बोटावर येऊन बसली. "इच्छा संपल्या. पण शिकवायला कुठलाच नियम नाही. नीट बघ. हे फूल लांब देठाचं, याच्यात पिवळी पूड आहे. हे दुसरं, याच्या खाली इवलासा भोपळा आहे. पहिलं तोड, पाकळ्या काढ, आणि ती पूड दुसऱ्याच्या मधोमध हलकेच टेकव. मधमाशी हेच तर करते. रोज सकाळी, फुलं मिटायच्या आत."

सगुणाने जपून, श्वास रोखून तसं केलं. तिची बोटं पिवळी झाली.

"अस्सं!" परी म्हणाली. त्याच वेळी डोंगरावरून ऊन आलं आणि वेलाच्या पानापानावरचं दव चमकलं. परीचे पंख त्या उजेडात मिसळले, निळा झगा मिसळला, आणि फुलावर नुसता प्रकाश उरला.

सगुणा रोज सकाळी उठून फुलांना पूड लावू लागली. चौथ्या दिवशी पहिला भोपळा न गळता फुगू लागला. मग दुसरा, मग तिसरा. वेलावर नऊ भोपळे धरले. वाडीत ज्यांचे ज्यांचे वेल रिकामे होते, त्यांच्या परसात जाऊन सगुणाने पूड लावायला शिकवलं.

पहिला भोपळा पिकला त्या दिवशी आईने गूळ घालून घारगे तळले. तानूमावशीला बोलावलं. तिघी पडवीत बसून गरम गरम घारगे खात होत्या.

"सगुणे," मावशी म्हणाली, "तुला हे शिकवलं तरी कोणी?"

सगुणाने सगळं सांगितलं. मावशीने ऐकून घेतलं, आपल्या पानातला सगळ्यात फुगलेला घारगा उचलला आणि सगुणाच्या पानात वाढला.