तळ्याची भांडी आणि येसू

एकदा काय झालं, डोंगराखालच्या एका गावात एक तळं होतं. कुणाकडे लग्न निघालं, की काठावर हळदकुंकू वाहून भांडी मागायची. मग पाण्यातून पराती, पातेली, ताटं आपोआप वर यायची. कार्य उरकलं, की घासूनपुसून परत द्यायची. पण जो मागेल त्यानंच परत करायची, आणि कमी पडलं तर तळं त्याच्याकडूनच वसूल करायचं, बरं का.

त्या गावात येसू राहायची. अंगानं चांगली थोराड बाई, पण तिला कळायला वेळ लागायचा. मोजता येत नसे. गाव तिला खुळी म्हणायचं, जेवण दाराबाहेर वाढायचं. येसूला एकच हवं होतं. पंगतीत बसायचं, कुणाच्या तरी शेजारी.

मग पाटलांकडे लग्न निघालं, आणि पाटलीणबाई येसूकडे आल्या. येसूची वेणी घातली. म्हणाल्या, "तू माझी मैत्रीण ना? मग भांडी मागून आण. तुला माझ्याशेजारी बसवते."

आजवर तिला मैत्रीण कुणी म्हटलंच नव्हतं. येसू धावत गेली.

लग्न झालं. पाटलीणबाईंनी एक परात माळ्यावर टाकली. "ही तळ्यानं मला दिलीय गं." येसूला खरं वाटलं. ती उरलेली भांडी घेऊन गेली, आणि तळ्यानं तिच्या केसांचा काळेपणा काढून घेतला.

पंगत? "अगं, जागाच उरली नाही. पुढच्या वेळी हं."

पुढच्या वेळी पातेलं गेलं. तळ्यानं तिच्या एका डोळ्याचा उजेड घेतला.

मग तिची आई, राही, पंचांकडे गेली. "पोरीनं स्वतः पाहिलंय. भांडी पाटलांच्या माळ्यावर आहेत."

पंच हसले. "राहीबाई, तिला काय कळतंय? तिच्या बोलण्यावर पाटलांच्या घरात शिरायचं? तुम्हीच जपायला हवं होतं तिला."

शहाणी माणसं ती. माळ्याला शिडी लावायला कितीसा वेळ लागतो? पण कुणी लावली नाही.

तिसरं लग्न निघालं. राहीनं दार अडवलं. येसू म्हणाली, "आई, तू मला शेजारी बसवतेस, पण तू आई आहेस. त्या मैत्रीण आहेत." आणि राही रानात गेल्यावर ती निघून गेली.

या खेपेला ताट कमी पडलं. पाणी येसूच्या गळ्यापर्यंत चढलं. तळ्यानं विचारलं, "ताट कुठंय?"

"पाटलीणबाईंकडे. पण त्यांना काही करू नकोस."

तळ्यानं त्यांना काही केलं नाही. येसूला घेतलं.

पाटलीणबाई चारचौघांत मोठ्यानं रडल्या. तेराव्याला गावजेवण घातलं. पंगतीत आपल्या शेजारी येसूच्या नावानं पान मांडलं. लोक म्हणाले, केवढं मन बाईंचं. राही तेवढी उपाशी उठून गेली. गाव पोटभर जेवलं आणि पुढंही सुखानं नांदलं.

येसू परत आली का, ते मला विचारू नका. नाही आली. निजा आता.