निळीचे विरजण

एका गावात एक रंगारी होता आणि त्या रंगाऱ्याच्या घरी एक रांजण होता. ही गोष्ट दोघांची आहे, पण खरे सांगायचे तर रांजणाचीच जास्त.

रांजण अर्धा जमिनीत पुरलेला होता आणि त्यात निळीचा रंग असे. रंग म्हणजे काय, पाण्यात पूड कालवली की झाले, असे कुणाला वाटेल. निळीचे तसे नसते. नीळ नुसत्या पाण्यात विरघळतच नाही. तिला चुना, गूळ आणि टाकळ्याच्या शिजवलेल्या बिया घालून आंबवावे लागते, उबेत ठेवावे लागते. दुधाला जसे विरजण लागते, तसे नव्या रांजणाला जुन्या, जिवंत रांजणातले मडकेभर पाणी लागते. रंगारी लोक त्यालाही विरजणच म्हणत. या रांजणाचे विरजण रंगाऱ्याच्या आज्याच्या हातचे होते, आणि तीन पिढ्यांत तो रांजण एकदाही मेला नव्हता.

त्या रांजणातून निघालेले लुगडे फाटायचे, पण विटायचे नाही. लांबलांबची माणसे कापड घेऊन येत. त्यामुळे रंगाऱ्याचे नाक जरा वरच असायचे. कामाला चोख, शब्दाला पक्का, पण रांजणाच्या बाबतीत भारी चिक्कू.

एकदा ओढ्यापलीकडच्या वाडीतली एक बाई त्याच्या दारात आली. तिचा नवराही रंगारीच होता. तो आजारात गेला, त्या धांदलीत रांजणाकडे कुणी पाहिले नाही, आणि रांजणही गेला. बाईच्या कमरेवर रिकामे मडके होते.

"भाऊजी, मडकंभर विरजण द्या," ती म्हणाली. "दोन लेकरं आहेत पदरात. रंगाशिवाय दुसरं काही येत नाही मला."

"रांजण म्हणजे काय गावची विहीर आहे?" रंगारी म्हणाला. "ज्यानं यावं त्यानं शेंदून न्यावं? एक थेंब मिळायचा नाही, बाई."

बाई आली तशी परत गेली. रंगाऱ्याची बायको उंबऱ्यात जोंधळे निवडत बसली होती. तिने मान वर केली, नवऱ्याकडे पाहिले आणि पुन्हा जोंधळे निवडू लागली. बायको अशी गप्प बसली की शहाण्याने सावध व्हावे. पण रंगारी आपला कापड पिळायला निघून गेला.

काही वर्षे गेली. एका भादव्यात ओढ्याला पूर आला. रंगाऱ्याला पाणी लागते म्हणून त्याचे घर ओढ्याच्या काठालाच होते. पाणी घरात शिरले. पुराबरोबर एक ओंडका आला आणि त्याने रांजणाचा काठ पोटापर्यंत फोडला. घटकाभर ओढ्याचे पाणी निळे दिसले, मग पुन्हा गढूळ झाले.

माणसे वाचली. पण दोरीवर वाळत घातलेले गिऱ्हाइकांचे कापड सगळे वाहून गेले. रंगाऱ्याने तांब्याची भांडी विकली, बायकोने गळ्यातली पुतळ्यांची माळ विकली, आणि ज्याचे जेवढे कापड गेले त्याला तेवढे भरून दिले. कुणी "राहू दे" म्हटले तरी ऐकले नाही. चिक्कू असला तरी माणूस सच्चा होता, हे विसरून चालणार नाही.

एवढे केले आणि मग तो खचला. पुढचे दार त्याने लावून घेतले ते लावूनच ठेवले. कुठे जायचेच झाले तर मागच्या दाराने, बांधाबांधाने. दसरा गेला, दिवाळी गेली. बायको लोकांची दळणे दळू लागली. रंगारी भिंतीकडे तोंड करून पडून राही. अशा माणसाला आळशी म्हणणे फार सोपे असते, पण तो आळशी नव्हता. बुडालो याचे त्याला जेवढे दुःख होते, त्याहून जास्त दुःख बुडताना गावाने पाहिले याचे होते.

घरात एकच मोलाची वस्तू उरली होती. शिंकाळे उंच टांगलेले होते म्हणून त्यातल्या निळीच्या दोन वड्या वाचल्या होत्या, विटेएवढ्या. पौष लागला तशी बायको एक दिवस त्या वड्या खाली काढून त्याच्यासमोर ठेवून बसली.

"अहो, रांजण लावा."

"विरजण कुठंय?"

"ओढ्यापलीकडं आहे. त्या वाडीतल्या वहिनींचा रांजण चांगला चाललाय म्हणतात. उंचावर घर आहे, पूर तिकडं गेलाच नाही."

रंगारी उठून बसला. "तिच्याकडं? कुठल्या तोंडानं जाऊ मी तिच्याकडं?"

"आहे त्याच तोंडानं जा," बायको म्हणाली. "दुसरं कुठून आणणार?"

दोन दिवस तो गेला नाही. तिसऱ्या दिवशी दळताना बायकोच्या तळहाताचा फोड फुटला आणि जात्याच्या खुंट्याला रक्त लागले. ते पाहून तो मडके घेऊन निघाला.

वाडीतली बाई अंगणात पिळे वाळत घालत होती. तिचे हात कोपरापर्यंत निळे होते. रंगारी तिच्यासमोर मान खाली घालून उभा राहिला.

"वहिनी, मडकंभर विरजण पाहिजे होतं."

आता ही चार गोष्टी सुनावणार, असे त्याला वाटले. तिने सुनावले असते तरी कुणी तिला नावे ठेवली नसती. पण तिने हात पुसले, मडके घेतले, रांजणातून भरून आणले आणि तोंडाला फडके बांधून त्याच्या हातात दिले.

"थंडीचे दिवस आहेत, भाऊजी. मडकं घोंगडीत, छातीशी धरा. गार झालं की ते मरतं. बाजारातून जा, तीच जवळची वाट आहे. आणि वाटेत थांबू नका."

रंगारी ओढा ओलांडायच्या दगडी सांडव्यापर्यंत आला. समोर बाजार होता. त्याचे ओळखीचे सगळे तिथे बसलेले होते. त्याने मडके छातीशी धरले, उजवीकडे वळला आणि बांधाबांधाने निघाला.

ती वाट दुप्पट लांबीची. वर उघड्या रानातला वारा. त्यात समोरून एक बैलगाडी आली. गाडीत एक जुने गिऱ्हाईक दिसले, तसा रंगारी बाभळीमागे दडून बसला. गाडीवानाला त्याच वेळी बैलांना पाणी पाजायची आठवण झाली. गाडी पुढे जाईपर्यंत ऊन कलले. रंगारी घरी पोहोचला तेव्हा मडके हाताला गार लागत होते.

धान्याचा रांजण आता रिकामाच होता. त्याने तो धुऊन घेतला, भोवती भुश्शाची ऊब केली, एक वडी वाटून घातली, चुना, गूळ, बिया घातल्या आणि वर विरजण ओतले. रांजण लागला की चार दिवसांत वर जांभळा फेस येतो. चार दिवस झाले, पाच झाले, सहा झाले. फेस आला नाही. सातव्या दिवशी नुसती घाण सुटली. एक वडी फुकट गेली.

बायकोने रांजणात वाकून पाहिले. "कुठल्या वाटेनं आला होता तुम्ही?" तिने विचारले.

तो मागच्या दाराकडे पाहू लागला, आणि त्यातच ती समजली.

त्याच दिवशी दाणेवाला मागच्या दारात आला. "रांजण नासल्याचं ऐकलं मी," तो म्हणाला. "एक वडी उरलीय ना? मला दे. पोतंभर ज्वारी आणून टाकतो. तुझा रांजण काही आता लागत नाही."

दाणेवाला लबाड नव्हता, भाव बरोबरच सांगत होता. रंगाऱ्याने वडीकडे पाहिले, मग चिंध्या गुंडाळलेल्या बायकोच्या हातांकडे पाहिले. वडी रांजणात घालावी आणि रांजण पुन्हा मेला तर हातात काहीच उरत नव्हते. ज्वारी घेतली तर निदान आज चूल पेटत होती.

"तू सांग," तो बायकोला म्हणाला.

"मी काय सांगू? पोतं दोन महिने पुरेल. दोन महिने मी दळणार नाही, हातही बरे होतील." तिने वडी हातात घेतली. "पण मग तुम्ही रंगारी राहणार नाही, आणि मला तेच बघवणार नाही."

असे बोलून ती रडली. पुरातही ती रडली नव्हती. रंगाऱ्याने दाणेवाल्याला हात जोडले आणि मडके उचलले.

पहिल्यांदा मागणे कठीण असते. दिलेले वाया घालवून दुसऱ्यांदा मागणे त्याहून कठीण. रंगारी वाडीत पोहोचला आणि बाईच्या दारात उभा राहिला. त्याने नुसते रिकामे मडके पुढे केले.

"गार झालं होय?" बाई म्हणाली. "माझंही पहिलं गार झालं होतं."

"तुम्हाला कुणी दिलं होतं, वहिनी?"

"होती एक माउली. दुसऱ्यांदा गेले तेव्हाही चकार शब्द न काढता दिलं तिनं."

तिने मडके भरून दिले. रंगारी मडके घेऊन तिथेच घुटमळला. "वहिनी, त्या दिवशी मी तुम्हाला दारातून..."

"भाऊजी, मडकं गार होतंय," बाई म्हणाली. "निघा बघू."

सांडव्यावर तो पुन्हा उभा राहिला. उजवीकडे बांध, समोर बाजार. त्याने मडके घोंगडीत घेतले, पोटाशी गच्च धरले आणि बाजारात शिरला.

पहिल्यांदा न्हाव्याने पाहिले. त्याचा वस्तरा गिऱ्हाइकाच्या हनुवटीवर तसाच राहिला. "अरे, रंगारी! आम्हाला वाटलं, काशीला गेलास!"

दोनचार जण हसले. रंगाऱ्याचे कान तापले, पण पाय थांबवता येत नव्हते. "थांबता यायचं नाही," तो चालता चालता म्हणाला. "मडकं गार होईल."

"कसलं मडकं?" कुंभार उठून त्याच्याबरोबर चालू लागला.

"विरजण आहे. रांजण लावतोय."

"रांजण लावतोयस? मग सांगायचं नाही होय? कशात लावतोयस?"

"धान्याच्या रांजणात."

"तो कितीसा पुरणार? माझ्याकडं मोठा पडून आहे. रंग धरला की घेऊन जा, पैशाचं मग बघू."

तेवढ्यात भाजीवाली टोपली डोक्यावर घेऊन दुसऱ्या बाजूने चालू लागली. "दादा, माझी दोन लुगडी विटलीत. तुम्ही दार लावून घेतलं, मग आम्ही कुणाकडं जायचं? मी दोनदा येऊन कडी वाजवून गेले."

रंगाऱ्याला आठवले. कडी वाजली होती. कुणीतरी कीव करायला आले असेल, असे समजून तो भिंतीकडे वळून पडून राहिला होता.

पेठ संपेपर्यंत त्याच्याबरोबर सातआठ माणसे चालत होती. ज्याला थांबता येत नाही त्याच्याशी बोलायचे तर चालावेच लागते. कुणी गमतीने टोमणे मारत होते, कुणी कापडाचे विचारत होते. आपल्याला हसायला बसलेले गाव रंगाऱ्याने भिंतीकडे तोंड करून मनातच वसवले होते. खऱ्या गावात हसणारे दोनचारच निघाले, आणि त्यातला न्हावीही पुढे म्हणाला, "माझ्या पटक्याचं बघ हो जरा."

घरी आला तेव्हा मडके कोमट होते. उरलेली वडी वाटून त्याने रांजण पुन्हा लावला. चौथ्या दिवशी सकाळी बायकोने रांजणावरचे झाकण काढले आणि जोरात हाक मारली. रांजणावर जांभळा फेस फुलला होता.

रंगाऱ्याने आपलेच विटके मुंडासे भिजवून रांजणात बुडवले. बाहेर काढले तेव्हा ते हिरवट पिवळे दिसत होते. निळीचे असेच असते, रांजणात असेपर्यंत तिला रंग चढत नाही. त्याने मुंडासे वाऱ्यावर धरले. बघता बघता ते हिरवे झाले, मग निळे झाले. आज्याच्या वेळचे असायचे तसे निळे.

"वहिनींचे उपकार कसे फेडू मी?" रंगारी म्हणाला. "ज्या बाईला मी एक थेंब दिला नाही, तिनं मला दोनदा मडकं भरून दिलं."

बायको मुंडाशाचे दुसरे टोक धरून उभी होती. "तुम्ही दिला नव्हता," ती म्हणाली. "मी दिलं होतं. तुम्ही बाजारला गेला होता तेव्हा. पहिलं मडकं त्यांच्या वाटेत गार झालं, म्हणून परत आल्या तर दुसरं दिलं."

रंगाऱ्याने रांजणात वाकून पाहिले. म्हणजे या रांजणात जे फुलले होते ते आज्याच्याच हातचे होते. घरात जपलेले पुराने नेले होते, आणि दारातून गेलेले तेवढे राहिले होते.

"मग आधी का नाही सांगितलंस?" त्याने विचारले. "केवढा सोपा झाला असता मला तो रस्ता!"

"म्हणूनच नाही सांगितलं. सांगितलं असतं, तर तुम्ही मागायला गेला नसता. वसूल करायला गेला असता."

रंगारी ओले मुंडासे तसेच डोक्याला गुंडाळून पुढच्या दाराकडे गेला आणि कितीतरी महिन्यांनी त्याने ते सताड उघडले.

पुढे त्याचे बरे चालले. पूर्वीइतके मोठे नाही, पण दोघांना पोटभर आणि वर चार घास. त्याच्या ओसरीवर एक मडके कायम भरलेले असे. कुणी हरलेला रंगारी दाराशी आला की तो स्वतः ते त्याच्या घोंगडीत बांधून देई आणि बजावून सांगे, "आडवाटेनं जाऊ नको बाबा. बाजारातून जा. लोक बोलतील, त्यांना बोलू दे. तू फक्त थांबू नको."

तात्पर्य: पडल्यावर उठायचे तर चार माणसांतून चालत जाऊन मागावे लागते, आणि चांगल्या दिवसांत जे दुसऱ्याच्या रांजणात घातले, तेच वाईट दिवसांत आपल्या रांजणात परत येते.