कुलूप नक्की घातलंत ना?

"...आणि संकल्पात तिथीच चुकली असेल तर?"

वामनगुरुजींच्या या प्रश्नावर मठ सांभाळणाऱ्या गोदाआई नुसतं "हं" म्हणाल्या. ओसरीवर बसून त्या उत्सवाच्या दुसऱ्या पंगतीसाठी द्रोण पुसत होत्या.

गुरुजी गणपतीच्या देवळाचे पुजारी. उच्चार असे खणखणीत की पंचक्रोशीत तोड नाही, आणि तोराही तेवढाच! पण हल्ली पूजा पुढे सरकेचना. तिथी-गोत्र उच्चारून संकल्पाचं पाणी ताम्हनात सोडलं रे सोडलं, की मनात किडा वळवळायचा. गोत्र म्हटलं का? तिथी बरोबर होती ना? झालं, पुन्हा पहिल्यापासून! नैवेद्य थंडगार, आणि लोक बिचारे ताटकळलेले.

"आई, मी पूजा सोडतोय. डोकं फिरलंय माझं. असला माणूस देवाला चालायचा नाही."

"असला म्हणजे कसला रे?"

"जगावेगळा."

गोदाआईंनी द्रोण बाजूला ठेवले. उठून अंगणात गेल्या. पहिली पंगत बसली होती, वाढून झालं होतं. लोक पहिला घास उचलणार तोच त्या म्हणाल्या, "काय हो मंडळी, घराला कुलूप नक्की घातलंत ना?"

...

हात जागच्या जागी थांबले.

सरपंचांनी खिसा चाचपला. हेडमास्तरांनी हळूच घरी फोन लावला, "गॅस बंद केलास ना? अगं, परत एकदा बघ." आचारी तर वरणाची पळी टाकून शेगडीकडे पळाला. एक म्हातारी उठलीच, "अगंबाई! आता कसलं जेवण उतरतंय घशाखाली!" तिच्यामागून आणखी दोघी-तिघी लगबगीनं निघाल्या.

गुरुजी आ वासून बघत राहिले.

"आई, हे सगळेच...?"

"हं."

थोड्या वेळानं गेलेल्या बायका परत आल्या, जरा ओशाळल्या, अन् मुकाट्यानं जेवायला लागल्या. ते बघून तर गुरुजींचा आणखीच गोंधळ उडाला.

"पण यांचं एकदा बघून भागलं! माझं भागत नाही. मग मी यांच्यातला, की वेगळा?"

"तुला काय वाटतं?"

"काही म्हणजे काही कळेना." ते गोदाआईंकडे वळले. "तुम्हाला... तुम्हाला पण होतं असं?"

"मठातल्या समाधीपुढची समई नीट आहे का, सकाळी बघून आले. पुन्हा बघायला निघाले होते, तेवढ्यात तू आलास."

गुरुजींना हसावं की रडावं तेच समजेना. त्यांनी उपरणं खांद्यावर नीट घेतलं.

"मग आज संध्याकाळची पूजा... करू?"

"कर."

"आणि मध्येच शंका आली तर?"

"येईल की."

"मग?"

"मग काय... बसू दे तिला शेजारी. तिलाही घडू दे दर्शन."