गवताची पाती

फार पूर्वी, चार-चार महिने बर्फ हलत नाही अशा दूरच्या मुलखात हटराइट नावाच्या ख्रिस्ती पंथाची एक वस्ती होती. या लोकांचं सगळंच न्यारं. चूल एक, कोठार एक, 'हे माझं' म्हणायची सोय नाही. भांडायला कारणच नाही, म्हणजे बघा किती कंटाळा! आणि एक नेम कडक: माणसावर उगारायचं हत्यार घडवायचं नाही.

वस्तीत एक लोहार होता. आठवडाभर विळे-सुऱ्या घडवायचा आणि रविवारी तोच धर्मगुरू होऊन प्रवचन द्यायचा. बायको म्हणायची, "सहा दिवस लोखंडाला ठोकता, सातव्या दिवशी आम्हाला."

एका उन्हाळ्यात जमीनदाराचा कारभारी आला. वस्तीची जमीन त्या जमीनदाराचीच.

"गुरुजी, लांब पाती हवीत, दोन्हीकडून धारेची. गवत कापायला."

गवताच्या पात्याला दोन्हीकडून धार कशाला, असं लोहाराच्या मनात आलं. पण कोठार रिकामं होतं आणि कारभाऱ्यानं गव्हाची पोती आणलेली. लोहारानं तोंड मिटलं आणि भाता ओढला.

झाडांची पानं गळली तेव्हा वस्तीच्या दारात एक जखमी मेंढपाळ येऊन पडला. लोहाराच्या बायकोनं जखम धुतली, तर आत पात्याचं तुटकं टोक. तिनं ते नवऱ्याच्या हातावर ठेवलं. आपल्या हातचं काम कुणाला ओळखू येत नाही? दिवस मावळायच्या आत मेंढपाळ गेला.

त्या रविवारी लोहारानं प्रवचन दिलं नाही. सगळ्यांपुढं उभा राहून एवढंच म्हणाला, "त्याला मी मारलं. दिसत होतं, तरी विचारलं नाही."

बर्फ पडल्यावर कारभारी परत आला.

"गुरुजी, तसलीच पाती. दुप्पट."

"कशाला?"

"गवत कापायला."

"बर्फात कुठलं गवत हो, कारभारी?"

कारभारी हसला. मग हसायचा थांबला. "पाती करा, नाहीतर आजच जमीन सोडा."

लोहारानं वस्तीकडं पाहिलं. म्हातारीकोतारी होती, तान्ही लेकरं होती, त्यात त्याचीही लेक होती. मग त्यानं भट्टीवर पाणी ओतलं.

लोक गाड्या भरू लागले.

लेकीला छातीशी बांधून बायको गुडघाभर बर्फातून चालत होती. लोहारानं विचारलं, "चुकलो का गं मी?"

"आज नाही चुकलात. उन्हाळ्यात चुकलात," ती म्हणाली. "तेव्हाच विचारलं असतंत, तर लेकरं उन्हातून चालली असती. आणि तो मेंढपाळ त्याच्या घरी असता."

लोहारानं लेकीला आपल्या छातीशी घेतलं.

तात्पर्य काय, तर काम हाती घ्यायच्या आधी 'कशाला?' म्हणून विचारावं. उशिरा सुचलं तरी विचारावंच. पण त्या उशिराची थंडी लेकरांना वाजते.