गोलमागे उभा केलेला प्रशिक्षक

एकदा एका गावी निवास नावाचा तरुण मुलींच्या फुटबॉल संघाला खेळ शिकवीत असे. संघ सारखा हरू लागला, तेव्हा ज्या वृद्ध वस्तादांनी त्याला घडवले, त्यांच्याकडे तो हताश होऊन गेला.

"वस्ताद, पोरी धावायला चपळ आहेत. पण चेंडू पायातून निसटला की जागीच खिळतात. बचावाला मागे फिरेपर्यंत गोल झालेला असतो. मी कडेवरून घसा फोडून ओरडतो, उपयोग शून्य. त्यातली तेजल तर खेळच सोडते म्हणतेय."

वस्ताद सरावाचा सामना पाहायला आले. मध्यंतरापर्यंत त्यांनी मुलींचा खेळ बारकाईने पाहिला. मग म्हणाले, "आता तू आपल्या गोलच्या मागे उभा राहा. तोंड मात्र उघडायचं नाही."

निवास गोंधळला. ही शिक्षा म्हणावी की थट्टा? पण गुरूची आज्ञा मोडवेना. तो मुकाट्याने जाळीमागे जाऊन उभा राहिला.

थोड्याच वेळात तेजलचा चेंडू गेला. सवयीने तिने कडेकडे पाहिले. तिथे वस्ताद निवांत शेंगा सोलत बसले होते. ती क्षणभर बावरली, गर्रकन वळली आणि जिवाच्या आकांताने धावत येऊन तिने गोलच्या तोंडाशी चेंडू अडवला. मग इतरजणीही तशाच परतू लागल्या. एक गोल झाला खरा; पण तेव्हाही सगळ्या मागे पोहोचल्या होत्या.

निवासचा गोंधळ वाढतच गेला. सामना संपताच त्याने विचारले, "मी गप्प बसलो म्हणून पोरी सुधारल्या? मग आजवर मी केलं काय?"

वस्ताद म्हणाले, "त्यांचे पाय कधीच मंद नव्हते रे. चूक झाली की त्या आधी तुझा चेहरा वाचायच्या, मग मान खाली घालायच्या, आणि मग वळायच्या. आज कडेला वाचायला चेहराच नव्हता. उरलं होतं ते फक्त पुढचं काम."

"पण मग चूक दाखवायची कधी?"

"खेळ थांबल्यावर. चूक कुठं पळून जात नाही, चेंडू पळतो."

तेवढ्यात तेजल समोर येऊन उभी राहिली. "सर, तो चेंडू माझ्यामुळंच गेला."

निवासच्या ओठांवर नेहमीचे शब्द आले होते. ते गिळून तो म्हणाला, "हो, गेला. पण इतक्या लवकर परत कशी आलीस, ते सांग बघू."

ती हातवारे करीत सांगू लागली. निवास ऐकत राहिला.