लखलखीत तराजू

आवळ्याने कुणाला सांगू नकोस म्हटलं होतं, तरी सांगते. फार पूर्वी एका बाजारात न्यायाधीशाची निवडणूक होती. पितळी तराजू उमेदवार होता, पण काळवंडलेला; चिंचेने स्वतः त्याला घासून लखलखीत केलं.

“बदल्यात काय हवं, ताई?” तराजूने विचारलं.

“काही नको हो!”

तराजू थाटात निवडून आला.

पुढे सावलीतल्या एकुलत्या जागेवरून चिंच आणि आवळा भांडले. जो जड ठरेल तो सावलीत, दुसरा उन्हात. तराजूने डोळे मिटून तोललं. पारडं चिंचेकडे झुकलं.

“तुम्ही तिचे मिंधे आहात!” आवळा रडकुंडीला आला.

“मी दमडीसुद्धा घेतली नाही!”

“मग तिच्या पारड्याखाली काय चिकटलंय?”

तराजूने पारडं उचलून पाहिलं. घासताना राहिलेला चिंचेचा गोळा होता. तराजू ओशाळून म्हणाला, “आवळेबुवा, हा निकाल मी बद—”

“दादा, इकडे या!” सावलीतून चिंचेने गोड हाक मारली. “निवडणूक आली, पुन्हा घासायचंय ना?”